भोगवटदार

"बाई, नाव टाका कागदावर. बिननावाचा कागद कोनालेही लागू होते," जैबुनबी म्हणाली होती.

"कायद्यात चालतं," म्हणून मी हसले.

१९६२ पासून मी यवतमाळच्या नगरपालिकेची वकील आहे. रस्त्यात आलेले ओटे, पडायला आलेली घरं, यांच्या नोटिसा मी तयार करते. जैबुनबीच्या घरासमोरची मातीची खोली रस्त्याकडे कलली होती. मालक वारलेला, दाराला सहा वर्षं कुलूप. नाव माहीत नसलं की आम्ही नुसतं 'भोगवटदार' लिहितो, म्हणजे तिथं जो कोणी राहत असेल तो. तसंच लिहिलं. सात दिवसांत घर रिकामे करावे.

शिपाई जफर तासाभरात परतला. "देल्ली."

"कोणाला? कुलूप आहे ना?"

"नव्हतं. दार अर्धं उघडलं. बाईचा हात दिसला, हिरव्या बांगड्या. इचारलं, सात दिसानं कुठं जाऊ?"

चुकीच्या दारी दिली असेल, असं मी धरलं.

आठव्या दिवशी खोली पाडायला माणसं गेली, मीही गेले. कुलूप गंजलेलं होतं, ते फोडावं लागलं. आत धूळ, पावलाची एक खूण नाही. आढ्याला लेकराची झोळी टांगलेली. वारा नव्हता. झोळी हलत होती. आत आमची नोटीस होती, दुपट्यात नीट गुंडाळलेली.

मग मलबा उचलण्याची दुसरी नोटीस निघाली. तीही 'भोगवटदार' म्हणूनच. त्या दिवशी मी पांढरकवड्याला तारखेवर होते. संध्याकाळी एसटीतून उतरले, तर स्टँडवर जफर भेटला.

"दुसरीही देल्ली, बाई. तुमच्या घरी."

"माझ्या?"

"थे तिथंच राहून राह्यली नं आता. तोच हात, त्याच बांगड्या. मले वाटलं, तुमीच ठेवली कामाले. मंजू कडेवर होती तिच्या."

मी धावतच घर गाठलं. माझी तान्ही मंजू पाळण्यात झोपली होती. तिला सांभाळणारी हंसाबाई तांदूळ निवडत होती.

"कोण आलं होतं?"

"कोनी नाही. दुपारी तुमीच तं आल्त्या. पोरीले पाजलं अन् गेल्या."

मंजूला उठवून जवळ घेतलं. तिनं तोंड फिरवलं.

तिचं पोट भरलेलं होतं.

हंसाबाईला बजावलंय, मी आले तरी आधी नाव विचारायचं. ती हसते.

उद्या मला पुन्हा पांढरकवड्याची तारीख आहे. दुपारी आमच्या दारावरून जाणार असाल, तर मंजूला तेवढं पाहून या. मीच तिला पाजत बसलेली दिसले, तर हात बघा.

मी बांगड्या घालत नाही.