ज्याचा वास त्याच्या घरी

केळुसकरांच्या बंगल्यावर नातवाचं बारसं होतं. पाळण्यामागच्या भिंतीत हवेतला वास शोषणारी गंधचाळणी होती आणि तिचा थर बदलायला कुमुद घाग आली होती. पिशवीत नवा थर नव्हताच. खाडीकाठच्या घरांतून काढलेले जुने होते, गच्च भरलेले.

केळुसकरांच्या कीटकनाशकाच्या कारखान्याचा सडका वास घराघरांत शिरायचा. लोक ओरडले, तेव्हा साहेबांनी वास थांबवला नाही, चाळण्या फुकट वाटल्या. चाळणीतला थर हवेतले गंधकण धरून ठेवतो आणि तापवला की सोडतो. गाव गप्प झाला. पण गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये मिसळतात तो वासही त्याच जातीचा. चाळणीने तोही गिळला. एका सकाळी कुमुदच्या घरी दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस कोंडला आणि तिच्या नवऱ्याने, दत्तारामने, लायटर दाबला.

दत्ताराम गेल्यावर केळुसकर भेटायला आले होते. "घरच्यांनी लक्ष द्यायला हवं होतं," म्हणाले आणि चहा न घेता गेले. ते वाक्य कुमुदच्या काळजात रुतून बसलं होतं.

थर बाहेर नेऊन तापवायचा नियम होता. तिने पिशवीतले जुने थर तिथेच तापवले. पाळणा म्हणणाऱ्या बायका मध्येच थांबल्या आणि नाकाला पदर लावून अंगणात पळाल्या. स्वयंपाकीणही त्यांच्यामागे धावली. सूनबाईने बाळाला घेऊन आतल्या खोलीचं दार लावलं.

"काय केलंस हे?" केळुसकर खोकत म्हणाले.

"तुमचंच आहे, साहेब. आमच्या घरात राहिलं होतं, परत आणलं."

"बंद कर. घरात तान्हं बाळ आहे."

"आमच्याही घरात माणसंच होती."

दत्ताराम गेल्यापासून तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पिशवी उचलून ती निघाली, तेवढ्यात तिची नजर स्वयंपाकघरात गेली. खिरीचं दूध उतू गेलं होतं. शेगडी विझली होती, बटण मात्र चालूच होतं. या घाणीत गॅसचा वास कुणाला येणार?

"आधी उदबत्त्या लावतो," पुटपुटत केळुसकर देवघरात शिरले. त्यांनी काडेपेटी उघडली.

आत बाळ रडू लागलं. घरच्यांनी लक्ष द्यायला हवं होतं, हे वाक्य कुमुदच्या अगदी ओठांवर आलं. ते म्हणायला मिळावं, यासाठी तिने आता नुसतं गप्प राहून चालतं होणं पुरेसं होतं.

तिने तोंड उघडलं. ती ओरडणार होती, की फक्त श्वास घेत होती?