शेजारच्या सीटवरची

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. हे माझ्या स्वतःच्या संसारात घडलंय. त्यात मी मनाचं काहीच घातलेलं नाही.

मागच्या वर्षी संक्रांत नुकतीच झाली होती. जागा नांदेडची. विष्णुपुरीच्याही पुढं.

मी तनुजा. माहेर, सासर दोन्ही लातूरचं. नवऱ्याची, शिवशंकरची, बदली झाली म्हणून आम्ही तिथं फ्लॅट भाड्यानं घेतला. नवीकोरी बिल्डिंग, चौथा मजला. पण चारी बाजूंनी नुसते मोकळे प्लॉट आणि बाभळी. ऑटो तिकडं फिरकत नाही. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गाडी लागायची, आणि गाडी सकाळीच हे घेऊन जायचे.

दिवसभर मी एकटी. दिवेलागणीला गॅलरीत उभं राहून वाट बघायची.

एका संध्याकाळी गाडी आली...

शेजारच्या सीटवर एक बाई होती.

तोंडाला स्कार्फ बांधलेला. दोघं हसत होते. ती गेटपाशी उतरून बिल्डिंगमध्ये शिरली. हे गाडी लावायला मागं गेले आणि थोड्या वेळानं एकटेच वर आले.

खालच्या मजल्यावरची कोणी असेल, वाटेत भेटली असेल, असं मी मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ती.

मग रोजच.

माझा जीव जळायला लागला. जेवताना माझ्याशी धड दोन शब्द न बोलणारा माणूस तिच्याशी एवढं काय हसतो? मी भिंती बघत बसायचं आणि माझ्या जागेवर तिनं बसायचं? तिचं ते ऐटीत उतरणं, वळून ह्यांना हात करणं... 

सरळ विचारायला मन धजेना. चहा देताना नुसतं म्हटलं, "आज एकटेच आलात का?"

हे हसले. "तुझी रोजची चेष्टा काही थांबत नाही."

रोजची?

मी तर पहिल्यांदाच विचारलं होतं...

दुसऱ्या दिवशी खाली जाऊन वॉचमन मकबूल चाचांना विचारलं, खालच्या फ्लॅटात कोण बाई राहते.

"कोन राहतंय बेटी? तुमचं एकच घर हाय. बाकी समद्याला कुलूप."

"मग रोज साहेबांच्या गाडीतून उतरते ती कोण?"

चाचा माझ्याकडं बघतच राहिले.  मग पाण्याची मोटार चालू करायची म्हणून उठून गेले.

त्या संध्याकाळी मी चालत निघाले. हमरस्त्यावरून आमच्याकडं वळतात तिथं एक मोठा बोर्ड आहे, त्याच्याआड उभी राहिले. ती कुठून येते, गाडीत कशी बसते, आज बघायचंच होतं.

गाडी आली. बोर्डापुढं थांबली.

रस्त्यावर कोणीच नव्हतं...

दार उघडलं. लागलं.

कोणीही चढलं नाही. मी डोळे फाडून बघत होते.

गाडी माझ्यासमोरून गेली, तेव्हा मात्र सीट रिकामी नव्हती. हे तिच्याशी बोलण्यात दंग. मी दिसलेच नाही ह्यांना. पण तिनं मान वळवली. स्कार्फच्या वर फक्त डोळे होते. असं बघितलं माझ्याकडं, जणू मीच तिचा संसार लुटला होता.

मी धावतच घर गाठलं.

दार ह्यांनी उघडलं. हातात चहाचा कप. मला बघून कप हातातून सुटला.

"तू... तू तर आत आहेस ना?"

स्वयंपाकघरात गॅस चालू होता. पातेल्यात चहा उकळत होता.

आत कोणीच नव्हतं...

त्या घराला दुसरं दार नव्हतं.

ह्यांनी जाऊन गॅस बंद केला. म्हणाले, "तूच म्हणालीस, घरी करमत नाही, वळणापर्यंत चालत येते, तिथून घेत जा. मी रोज तुलाच तर आणतोय."

हातात येईल ते घेऊन आम्ही त्याच संध्याकाळी लातूरला निघालो. सामान नंतर दिरांनी आणलं.

आता भरवस्तीत राहतो. सगळं हाकेच्या अंतरावर. पण माझं मन साफ होत नाही. गाडी चालवता चालवता हे गप्प झाले की मला वाटतं, तिचीच आठवण काढत असतील. ती माझ्यापेक्षा गोड बोलत असेल.

परवा न राहवून विचारलंच, "काय बोलायची हो ती?"

ह्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "गेट आलं की वर बोट दाखवायची. रोज एकच विचारायची... आपल्या गॅलरीत ती बाई कोण उभी असते?"



"मग तुम्ही काय सांगायचा?"

"चेष्टा समजून हसायचो. म्हणायचो, कोणी नाही गं."

"वर बघितलं होतं का कधी?"

ह्यांनी उत्तर दिलं नाही.

अजूनही दिलेलं नाही.