कारण : हरवला

सोमवारी बँक उघडली तेव्हा केयूर हेरेकर काउंटरसमोरच्या पहिल्या खुर्चीत येऊन बसला होता. बेळगावातल्या या शाखेत त्याच्या वडिलांपासूनचं खातं. शिपाई न विचारता चहा आणायचा. आज केयूरने चहाला हातानेच नको म्हटलं.

"एक चेक थांबवायचा होता," तो म्हणाला.

काउंटरवरच्या नीलमने कॉम्प्युटरवर बघितलं. "अजून क्लिअरिंगला आलेला नाही, सर. एकदा पास झाला असता तर आमच्याही हातात काही नव्हतं. चेकचा नंबर, तारीख, रक्कम, कुणाच्या नावावर आहे ते, सगळं अर्जात लिहा आणि सही करा. चार्ज खात्यातून कटेल." मग जरा घुटमळून ती म्हणाली, "कारण पण लिहायला लागतंय. देणं असलेला चेक थांबवला तर समोरचा माणूस केस घालू शकतो."

नावाच्या रकान्यात केयूरने लिहिलं, मालुबाई.

मालुबाईचा नवरा आण्णाप्पा उद्यमबागेत केयूरच्याच फाउंड्रीत भट्टीवर होता. क्रेनची साखळी झिजलीय, असं तो ऑफिसात येऊन सांगून गेला होता. 'ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू,' केयूर म्हणाला होता. ऑर्डर जायच्या आधी साखळी तुटली, आण्णाप्पा खालीच होता. वितळलेल्या लोखंडाखाली जे सापडलं ते घरच्यांना दाखवण्यासारखं नव्हतं.

तेराव्याला हिंडलग्यात, गाव जमलेलं असताना, केयूरने मालुबाईच्या हातात चेक ठेवला. रक्कम मोठी होती. म्हातारी माणसं गहिवरली, आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही ऊर भरून आल्यासारखं झालं. रात्री त्याचा हिशेबनीस विक्रम म्हणाला, "साहेब, हे म्हणजे चूक आपली असं लिहून दिल्यासारखंच की." केयूर रात्रभर कूस बदलत राहिला होता.

कारणापाशी पेन थांबलं. मग त्याने लिहिलं, 'हरवला'.

नीलमने वाचलं. तिने मान वर करून बघितलं नाही. तो बाहेर पडला तोवर फोनवर मेसेज आला होता. चेकचं पेमेंट थांबवलं होतं.

गाडीत बसताना छातीशी काहीतरी टोचलं. इस्त्रीच्या शर्टाचा खिसा सकाळी रिकामाच होता. त्याने बोटं घातली आणि एक कागद बाहेर काढला.

चेक होता. त्याची सही, मालुबाईचं नाव. नंबर त्याने मेसेजशी ताडून बघितला. तोच. कागदाला उदबत्तीचा वास येत होता आणि एका कडेला राख लागली होती. राख अजून कोमट होती.

काच वर करून, एसी न लावता, तो तसाच घामेजत बसला. मग गाडी हिंडलग्याकडे वळवली.

मालुबाई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. त्याला बघून ती पदर सावरत उठली.

"मालक? परत आलासा?"

"परत म्हणजे?"

"आत्ताच गेलासा न्हवं? नाव चुकलंय, नवा लिवून देतो म्हणालासा. मी च्या ठेवत हुते, तवर चेक घिऊन उठून गेलासा."

"मी बँकेत होतो, मालुबाई."

"तसंच म्हणालासा की. बँकेतनं आलोय म्हणून." ती त्याच्या पायांकडे बघत होती. "मान काय वर केली न्हाईसा. मी म्हटलं, एवढा कशापायी लाजतोय ह्यो माणूस."

आत कोनाड्यात देवाच्या फोटोपुढे उदबत्ती जळत होती. खाली राख सांडली होती. मधे चेकएवढी जागा तेवढी स्वच्छ होती.

केयूरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. भीती वाटलीच, पण लाज तिच्याहून मोठी निघाली. जो कोणी इथे येऊन गेला होता त्याने वेगळं काय केलं होतं? केयूरने जे बँकेत लपून केलं, तेच त्याने या बाईच्या दारात येऊन केलं होतं.

त्याने गाडीतून चेकबुक आणलं. बॉनेटवर ठेवून नवा चेक लिहिला. नाव तेच, रक्कम तीच. दोन्ही हातांनी तिला दिला.

"साखळीचं आण्णाप्पा मला सांगून गेला होता," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही."

"मला ठावं हाय. घरात बी बोलायचा."

एवढंच ती म्हणाली.

फोन थरथरला. मेसेज बँकेचा होता. खाली नव्या चेकचा नंबर. पेमेंट थांबवलं होतं.

त्याने तिथूनच नीलमला फोन लावला. "मॅडम, हा चेक मी आत्ता लिहिलाय. कुणी थांबवला?"

पलीकडे नोटा मोजायच्या मशीनचा आवाज येत राहिला.

"कोण बोलतंय?" नीलमने विचारलं.

"मी केयूर. केयूर हेरेकर."

ती कुजबुजली, "सर तर माझ्यासमोर बसलेत."

फोन कट झाला.

मालुबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चेकची नीट घडी घातली आणि पुढे केली.

"न्ह्या, मालक. जमत नसंल तर न्ह्या."

"नाही, नाही. ठेवा. तुमचाच आहे तो."

तो मनापासून म्हणत होता.

हात मात्र पुढे गेला होता. त्याच्याच बोटांनी तो चेक तिच्या बोटांतून अलगद काढून घेतला, आणि तो अजून नको, नको म्हणतच होता.