पागोट्याचा पीळ

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. सातवीतच शाळा सुटली, तीही कन्नड. मराठी घरात ऐकून आलेली. साधे शब्द चालवून घ्या. हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

देवराज मोहल्ल्यात मी शिंपीकाम करतो. परवा दुपारी अप्पा दुकानात आले. सोबत माझा थोरला भाऊ, भुवनअण्णा; त्याचं लग्न ठरलेलं. अप्पांनी घराण्याचं जुनं पागोटं पुढ्यात ठेवलं. अण्णाच्या लग्नात तेच बांधायचं, हा त्यांचा हट्ट.

इस्त्री कितीही तापवली तरी मधला पीळ जाईना. दोरासारखा. वाफेला ओल्या मातीचा वास येत होता.

"अप्पा, हा पीळ कसला?"

त्यांनी पिळावरून बोट फिरवलं. "सरहद्दीवरच्या डोंगरातल्या लोकांनी राजाविरुद्ध बंड केलं होतं. शेतसारा झेपेना म्हणून. आपले पूर्वज रणोजीराव फौज घेऊन गेले. हे पागोटं वर पाठवलं... खाली या, जिवाला धक्का लागणार नाही, असा शब्द देऊन."

"आले?"

"पोराबाळांसकट आले. म्होरक्याला ह्याच पागोट्यानं झाडाला..."

अण्णा हसला. "अय्यो, तुमच्या जुन्या गोष्टी! सुम्ने, गपचूप बांध रे. पावनीला फोटो पाठवायचाय. नवरा कसा दिसतो, बघू दे की तिला."

मी बांधलं.

बाहेरचा बाजाराचा गोंगाट एकदम ऐकू येईना. अण्णाची नजर अप्पांवर खिळली. आवाज म्हाताऱ्याचा निघाला, बोली डोंगराकडची कन्नड.

"आम्ही आलो, धनी... पोरंही आणलीत..."

अप्पांनी हात जोडले. मी पागोटं ओढून काढलं.

"फोटो काढलास?" अण्णानं विचारलं. त्याला काहीच आठवत नव्हतं.

संध्याकाळी अप्पांनी ते परसात जाळलं. सगळं जळेपर्यंत मी तिथंच उभा होतो. राख आम्ही नळाखाली धुऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णानं लग्नाचा शर्ट घालून पाहिला. कॉलर सैल पडली. मीच शिवलेली, मीच माप घेतलेली. पुन्हा टेप लावली. मान बोटभर बारीक झाली होती. टेप काढली, तर कातडीवर पागोट्यातल्यासारखा तिरका पीळ.

"किती घट्ट शिवलंस रे," अण्णा कॉलरमध्ये बोट घालत म्हणाला. "गुदमरतंय."

मी शर्ट घेऊन दुकानात आलो आणि कॉलर बोटभर आत घेतली. लग्नाला अजून वेळ आहे, तोवर माप पुन्हा घ्यावं लागेल.