दुसरी वेणी

अकरा वर्षं अर्ज केल्यावर हेलचेमला तिच्या मायदेशाच्या सरकारकडून एक खोका आला. आत आईची वेणी, लाल दोऱ्यानं बांधलेली, आणि दाखला: 'सदर महिला कधीही अटकेत नव्हती. राहत्या घरी वार्धक्यानं वारली.' खाली छापील शोकसंदेश. शिक्का हाताशी असला की माणसं किती हळवी होतात बघा.

हेलचेम इस्तंबूलमध्ये शिवणकाम करणारी, उइगुर जमातीची बाई. खोका उघडून तिनं एवढंच विचारलं, "दुसरी कुठंय?" त्यांच्यात लग्न झालेली बाई दोन वेण्या घालते. ज्यांनी या लोकांना 'शिकवण्यासाठी' छावण्यांत कोंडलं, त्या दिवट्यांना एवढंही ठाऊक नव्हतं.

दाखला खोटा ठरवण्यासाठी वेणी घेऊन ती जागतिक चौकशी मंडळाच्या प्रयोगशाळेत गेली. तिथं डॉ. सुनेत्रा बर्वे केसवाचन करत. हे शास्त्र एव्हाना रुळलं होतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्या महिन्यात प्यायलेलं पाणी, खाल्लेलं अन्न, सोसलेली भीती, सगळ्याचा अंश त्यात उतरतो. प्रत्येक ठिकाणच्या पाण्याची खूण वेगळी, म्हणून माणूस कुठं होता तेही कळतं.

"दुसरी विकली असणार," बर्वेबाई म्हणाल्या. "छावण्यांतले केस बाहेर जातात. बायका हौसेनं केसांना जोड लावतात ना, त्यासाठी."

"मग ही वाचा."

"वाचायचं म्हणजे तुकडा तुकडा जाळायचा. निघालेला वायू यंत्र मोजतं."

हेलचेमनं वेणी छातीशी धरली. "आई विंचरताना गळलेले केससुद्धा भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची. जाळणं सोडाच, तुडवू द्यायची नाही. एक केस घ्या ना, डॉक्टर."

"मला एक पुरतो. मंडळाला अख्खी वेणी लागते. एक केस मागं ठेवला तरी नमुना बाद." बर्वेबाईंनी नियमांचा कागद पुढं सरकवला. "हे लिहिणारा आईच्या पोटचा नसावा."

"तिची कबर नाही माझ्याकडे. हीच आहे."

"म्हणूनच मी 'द्या' म्हणणार नाही."

तिसऱ्या दिवशी हेलचेम आली. तिनं वेणी सोडली, विंचरली, पुन्हा घातली आणि दिली.

अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे चार वर्षं. टोकाकडून पहिल्या चौतीस सेंटिमीटरमध्ये गावचं बर्फाचं पाणी, जर्दाळू, मटण. पुढच्या बारांत वाळवंटी शहराचं नळाचं पाणी, नुसती पेज आणि भीती. शेवटच्या दोनांत अन्नच नव्हतं. शरीर स्वतःलाच खात होतं. राहत्या घरी, म्हणे.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. केसांच्या जोडांची फॅशन जोरात होती. पहिल्या रांगेतल्या बायकांचे केस लांब, दाट, काळेभोर.

"वाचन निर्दोष आहे," मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "मात्र नमुना शिल्लक नसल्यानं फेरतपासणी शक्य नाही. ती होत नाही तोवर दाखला ग्राह्य धरावा लागेल. दुसरा नमुना असल्यास सादर करावा."

बर्वेबाईंनी रागानं फाइल मिटली. तो नमुना मंडळाच्याच नियमानं जाळला होता, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

हेलचेम मात्र उठली. "आहे ना," ती म्हणाली. "इथंच कुठंतरी असेल."

ती पहिल्या रांगेपाशी गेली आणि एकेक डोकं निरखत सावकाश पुढं सरकू लागली. अध्यक्षबाईंचा हात आपसूक स्वतःच्या अंबाड्यावर गेला.