पहिलंच ‘नको’

जिन्याच्या वळणावर फर्नाज त्याच्यावर आदळली ती रागातच. तिच्या हातातली गरम रोटी त्याच्या हातातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पडली.

“माफ करा खानुम, चूक माझीच.”

“तुमची कशी? धडकले मी!”

हा बेहरंग. शिराझमधल्या त्या बसतिकिटांच्या छोट्या कंपनीने तब्रीझहून दोन दिवसांसाठी बोलावलेला तज्ज्ञ. आणि तिथल्याच प्रोग्रामर फर्नाजला राग येणार नाही तर काय! कोड ठेवायच्या परदेशी साइटवरचं कंपनीचं खातं एका सकाळी बंद. का, तर म्हणे तुम्ही इराणमध्ये राहता, तुमच्यावर निर्बंध आहेत. कोड प्रत्येकाच्या मशीनवर होता म्हणून वाचला. पण तीन वर्षांच्या चर्चा, चुकांच्या नोंदी, सगळं कुलपाआड.

“मी काय बाँब बनवते? तिकिटं विकते, तिकिटं!” ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होती.

आता कोड स्वतःच्याच मशीनवर ठेवायचा होता. त्यासाठी प्रणाली होत्या दोन. एक भारी, सगळं करणारी, पण मेमरी गटागटा पिणारी. दुसरी हलकी, जुन्या मशीनवरही निवांत चालणारी. बेहरंग भारीच्या बाजूचा, फर्नाज हलकीच्या. शेजारी बसून दोघांनी दोन्ही चालवून पाहिल्या. तो पिस्ते सोलून तिच्याकडे सरकवायचा, न बघता... आणि तिची टाइप करताना ओळ चुकायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी विचारलं, “बोला बेहरंग आगा, कुठली घ्यायची?”

“फर्नाज खानुम म्हणतील ती. त्यांच्यापुढे मी कोण?”

फर्नाजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हा तआरोफ, हा वरवरचा नम्रपणा बंद करा! जेवताना ठीक आहे, तीनदा नको म्हणायचं नि चौथ्यांदा ताट पुढे करायचं. इथे आमची तीन वर्षं गेलीत! मनात असेल ते बोला!”

तो लालेलाल झाला. “बरं. हलकीच घ्या. भारी तुमच्या मशीनवर धापा टाकते, मी उगाच हट्ट धरला. पण तुम्ही बॅकअप त्याच मशीनवर ठेवलाय. ते बंद पडलं की मुसळ केरात.”

खरंच होतं ते. तिने मुकाट्याने बॅकअप दुसरीकडे हलवला... आणि दुपारभर तिला त्याचाच आवाज ऐकू येत राहिला.

संध्याकाळी तो निघाला. दाराशी घुटमळला. “बसला तासभर आहे अजून... माझ्याबरोबर चहा घ्याल?”

“नको, कशाला तुम्हाला त्रास,” फर्नाज म्हणाली. हे पहिलंच ‘नको’. पहिल्या ‘नको’ला काही अर्थ नसतो, हे शिराझमधलं शेंबडं पोरही सांगेल.

“बरं,” तो म्हणाला. “येतो मग.” आणि उतरला की जिना!

फर्नाज बघतच राहिली. असा कसा गेला? माणसाला काही रीतभात? मग तिला आठवलं. रीत तिनेच बंद करायला लावली होती, भर मीटिंगमध्ये, ओरडून.

ती धावली. “अहो, थांबा! एकदाच नको म्हटलं मी!”

“तुम्हीच म्हणालात, तआरोफ बंद.”

“ते कोडापुरतं! चहाला कुणी सांगितलं होतं? एवढे हुशार तुम्ही, आणि...” तिला धाप लागली. “जाऊ नका. मला आवडता तुम्ही. आणि हा तआरोफ नाही!”

त्याने बॅग खाली ठेवली. कान लाल झाले होते त्याचे. “खानुम, भारी प्रणालीचा हट्ट का धरला, सांगू? ती नीट बसवायला... पंधरा दिवस लागले असते.”

“लबाड!” ती संतापलीच. आणि तिथेच जिन्यात फोन काढून, आपल्याच कंपनीच्या ॲपवरून, तिने त्याचं तिकीट रद्द करून टाकलं.