आल्प्सला दृष्ट लागते!

"शर्यत रद्द! नुसता डिस्को करू!" महाराष्ट्र मंडळाच्या निशिकांतकाकांनी मफलर गुंडाळत जाहीर केलं.

अवनी स्की घेऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. बाबांची बदली झाली होती. सोमवारी ती पुण्याला निघणार होती. तिथे बर्फ फक्त फ्रीजमध्ये! सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या या बर्फघरात ती वर्षभर स्कीइंग शिकत होती, म्हणजे मुख्यतः पडत होती. एकदा तरी न पडता खाली पोचायची ही शेवटची संधी. पण शर्यतीच्या, मंडळाच्या 'आल्प्स नाइट'च्या ऐन दिवशी उताराच्या माथ्यावर बर्फाची रबडी झाली होती!

"मशीन बिघडलंय. मी आयटीत आहे, मला कळतं," काका म्हणाले.

"पण काका, थर्मामीटर उणे पाच दाखवतोय! आणि वितळलंय फक्त आम्ही सुटतो तिथेच."

"मोठ्यांना शिकवू नकोस!" काका डिस्कोचे दिवे लावायला गेले.

तिचा मित्र रुचिर गुडघ्यांवर बसून सिंगापुरी ढंगात म्हणाला, "काळे दाणे! उंदराची शी, लाह!"

अवनीने हातमोजा काढून एक दाणा चिमटीत धरला. "मोहरी आहे, वेड्या! मोहरीबरोबर काय असतं?"

"फोडणी?"

"मीठ! मीठ टाकलं तर बर्फ उणे पाचलाही वितळतो."

रुचिरचा चेहरा पडला. "म्हणजे... दृष्ट? आई?"

"पुरावा हवा. तू स्की घालून ऐटीत उभा राहा!"

मग अवनी मुद्दाम ओरडली, "अय्या, रुचिर कसला भारी घसरतो! अख्ख्या सिंगापुरात असा कुणी नाही!"

रुचिरची आई सुनेत्राकाकू धावतच आल्या. कोटाच्या खिशातून मीठ-मोहरीची पुडी निघाली. "आल्यागेल्याची, भुताखेताची..." पुटपुटत त्यांनी लेकावरून मूठ ओवाळली आणि सटकन बर्फात टाकली.

"सापडलात, काकू!"

"अगं, इथे विस्तव पेटवू देत नाहीत! मग टाकू कुठे? आणि मी भेदभाव नाही हो करत. प्रत्येक सरावाला सगळ्या पोरांची काढते!"

आवाज ऐकून परत आलेल्या निशिकांतकाकांनी कपाळावर हात मारला. बर्फघराचे मॅनेजर मिस्टर टॅन पोट धरून हसले. त्यांनी रबडी उपसून ताजा बर्फ पसरला.

"शाब्बास, पोरी! मी चांगलं मशीन उघडायला निघालो होतो!" काका म्हणाले. काकूंनी उरलेली पुडी मुकाट्याने त्यांच्या हातात दिली.

शिट्टी वाजली. रुचिर पहिला आला, अवनी शेवटून दुसरी. निळ्या-जांभळ्या दिव्यांत ती खाली थांबली, तेव्हा सगळं मंडळ टाळ्या पिटत होतं. तिने मागे वळून अख्खा उतार पाहिला.

"रुचिर!" ती किंचाळली. "मी पडलेच नाही!"